फंडभाऊ

हेमलकशाच्या आसपास जुन्या गोष्टीचं साल सांगायची रीत ठरलेली आहे. पर्लकोटेचं पाणी भामरागडच्या बाजारात शिरलं त्याच्या आधी, किंवा त्याच्या नंतर. फंडभाऊंची कालगणना वेगळी. ‘पोरगी झाली तेव्हा मी कोन्त्या फंडात होतो?’ असं ते वहिनींना विचारतात, आणि वहिनी बरोबर सांगतात.

भाऊंना खरं नाव आहे. आधार कार्डावर आहे, पॅनवर आहे, फंडाच्या पासबुकातही आहे. फक्त ते तिन्ही ठिकाणी एक नाही. एकीकडे वडलांचं नाव मध्ये, एकीकडे आडनाव आधी, आणि तिसरीकडे कुठल्या तरी ठेकेदाराच्या मुनशीने शेवटचं अक्षर खाल्लेलं. त्यामुळे फंडभाऊ म्हणणं हेच सगळ्यांच्या सोयीचं.

धंद्याने ते हजेरीबाबू. रस्त्याचं काम, सिक्युरिटी एजन्सी, राइस मिल, खाणीकडे जाणाऱ्या ट्रकांची नोंद, जिथे माणसांची नावं वहीत मांडायची असतील तिथे भाऊ लागतात आणि वर्षा-दोन वर्षांत सुटतात. कधी ठेका संपतो, कधी ठेकेदार. मधल्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर बसतात, पण तिला ते नोकरी म्हणत नाहीत. ‘ते नोकरी नाही, ते ऊन आहे,’ म्हणतात. कारण तिथे फंड कटत नाही.

नव्या मालकासमोर उभे राहिले की आपण पगार विचारू. भाऊ विचारतात, ‘फंड कटते का?’ मालक म्हणतो, बघू. भाऊ मग साइटवर एक चक्कर मारून माणसं मोजतात. 20 माणसं झाली की 1952 चा भविष्य निर्वाह निधी कायदा लागू होतो, हे ठेकेदारांनाही ठाऊक असल्यामुळे आमच्या भागातल्या पुष्कळ ठेकेदारांकडे कागदावर 19 च माणसं असतात. प्रत्यक्षात चाळीस जेवत असतात. अशा ठिकाणी भाऊ थांबत नाहीत. ‘एकोणिसावर बरकत नाही’ हे त्यांचं ठेकेदारीविषयीचं संपूर्ण मत.

या भक्तीच्या मागे एक पाप आहे आणि ते त्यांच्या घरात सहा फूट उंच उभं आहे.

2004 साली बल्लारपूरच्या बाजूची एक नोकरी सुटली तेव्हा भाऊ तरुण होते. जो तो सांगत होता, काढून टाक. त्यांनी फॉर्म 19 भरून फंड काढला आणि फॉर्म 10सी भरून पेन्शनीचेही पैसे उचलले. आलेल्या रकमेत एक फ्रीज आला. फ्रीज आणल्यावर काही वर्षांनी कुणीतरी त्यांना सांगितलं की पेन्शन मिळायला 10 वर्षांची सेवा लागते, आणि 10सी भरून पैसे उचलले की तोवरची सेवा पुसली जाते. सहा वर्षं गेली. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनीत जातात, हे तोवर भाऊंना माहीत नव्हतं. ते पैसे कुठून आले याचं त्यांना उलट नवल वाटलं होतं. पुढे त्यांनी सूत्र मिळवलं: पेन्शनीला धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. तेव्हाची पगाराची मर्यादा 6,500 रुपये. उत्तर आलं महिन्याला 557 रुपये, मरेपर्यंत. त्या दिवसापासून पाहुण्यांना थंड पाणी देताना ते म्हणतात, ‘घ्या. महिना पाचशे सत्तावन्नचं पाणी आहे.’

आता तो फ्रीज हेमलकशात आहे आणि विजेचा भरवसा नसल्याने फ्रीज म्हणून चालत नाही. भाऊंनी त्यात कागद ठेवले आहेत. बुरशी नाही, वाळवी नाही, उंदीर नाही. वरच्या कप्प्यात पगाराच्या चिठ्ठ्या, अंड्यांच्या खळग्यांत पासपोर्ट फोटो, भाजीच्या ट्रेमध्ये 2014 च्या आधीचे, म्हणजे यूएएन हा फंडाचा कायमचा आकडा यायच्या आधीचे, लांबलचक खाते क्रमांक. खरं तर आता एक माणूस, एक यूएएन. नव्या मालकाकडे फॉर्म 11 मध्ये तो आकडा लिहून दिला की जुना फंड मागोमाग येतो. नाही दिला तर मालक नवा आकडा काढतो आणि माणूस सरकारदरबारी दोन होतो. भाऊ एका काळात तीन होते. त्या तिघांना एकत्र आणण्यात त्यांची जी वर्षं गेली त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. एकदा फक्त म्हणाले, ‘भावांची वाटणी लवकर होते गा.’

गावातल्या कुणीही नोकरी सोडली की त्याला भाऊंकडे यावंच लागतं, म्हणजे भाऊच त्याच्याकडे जातात. शोकसभेला जावं तसे जातात. पहिला प्रश्न, ‘एक्झिट डेट टाकली का?’ नोकरी सोडल्याची तारीख मालकाने टाकली नाही तर पुढचं सगळं अडतं. जानेवारी 2020 पासून शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी माणूस ती स्वतः टाकू शकतो. ही सोय झाली तेव्हा भाऊंनी पेढे वाटले होते. कशाचे म्हणून विचारलं, तर ‘तारखेचे.’ दुसरा प्रश्न, ‘काढनार की बदलनार?’ समोरचा ‘काढणार’ म्हणाला की भाऊ फ्रीज दाखवायला घेऊन जातात.

एका पोराने मोटरसायकलीसाठी काढायचं ठरवलंच होतं. भाऊंनी त्याला सांगितलं की पाच वर्षं सलग पुरी व्हायच्या आत 50 हजार किंवा जास्त काढलेस तर 10 टक्के कर कापून हाती देतील, पॅन नसेल तर 20. पोरगा म्हणाला, चालेल. भाऊंनी 8.25 टक्के व्याज सांगितलं. चालेल. 58 व्या वर्षाचं सांगितलं. पोरगा हसला. विशीतल्या पोराला अठ्ठावन्नावं वर्ष दाखवणं म्हणजे पावसाळ्यात पर्लकोटेच्या या काठावरून त्या काठावरचा माणूस दाखवणं: दिसतो, पण त्याचं आपल्याशी काही असतं असं वाटत नाही. पोराने गाडी घेतली. भाऊ आठवडाभर तिच्याकडे बघून ‘557’ म्हणत राहिले, जरी पोराची सेवा दीडच वर्षाची होती आणि हिशोब तसा लागत नव्हता.

पूर आला की बाकीच्यांना तांदळाची काळजी असते. भाऊंना ओटीपीची. एका पावसाळ्यात त्यांनी बदलीचा अर्ज भरला, ‘ओटीपी पाठवला’ असं पडद्यावर आलं, आणि त्याच क्षणी टॉवर गेला. पुलावरून पाणी, रस्ता बंद, वीज गेलेली. चौथ्या रात्री तीनच्या सुमाराला नेटवर्क आलं आणि त्याबरोबर तो ओटीपी. दहा मिनिटांसाठी वैध असलेला. भाऊंनी वहिनींना उठवून दाखवला. वहिनी म्हणाल्या, ‘ह्यायले आता नागपूरच्या हापिसातच झोपवा.’ नागपूर इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि भाऊंना ती सूचना पटण्यासारखी वाटली होती.

2004 च्या पापानंतरची त्यांची जमा सेवा 9 वर्षं 7 महिने आहे. सहा महिने किंवा जास्त झाले की पुरं वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊलाच दहा झाले, पेन्शन पक्की. हे त्यांना मी सांगितलं, वहिनींनी सांगितलं, सेवा केंद्रातल्या मुलाने पडद्यावर दाखवलं. भाऊंना मान्य नाही. ‘धरतात म्हणजे कोन धरतात?’ त्यांना पुरे दहा हवेत, नगद. त्यासाठी ते नोकऱ्या करत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये फंडाच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी सुटल्यावर सगळा फंड मोकळा करायची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने करायची आणि खात्यात चौथा हिस्सा राहू द्यायचा. देशभर लोक चिडले. भाऊ म्हणाले, ‘आमच्या वेळी काहून नाही केलं?’

त्यांचा एक भाचा अमेरिकेत आहे. तो नोकरी बदलतो त्या रात्री मामाला फोन करतो. त्याच्या घरात या विषयावर दुसरं कुणी ऐकत नाही. त्याच्याकडून भाऊंना कळलं की तिकडच्या फंडाला 401के म्हणतात, नोकरी सुटली की तो थेट पुढच्या खात्यात वळवता येतो, आणि धनादेश स्वतःच्या हातात घेतला तर 60 दिवसांत पुन्हा भरावा लागतो, नाहीतर कर. शिवाय वयाच्या साडेएकोणसाठाच्या आत काढला तर बहुतेक वेळा 10 टक्के दंड वेगळा. ‘साडेएकोणसाठ?’ भाऊंनी दोनदा विचारलं. ज्या देशात अर्धं वर्ष कायद्यात लिहिलेलं असतं त्या देशाविषयी त्यांना एकदम आदर वाटू लागला.

पण खरा धक्का पुढे होता. भाचा म्हणाला की त्याचं आजारपणाचंही एक खातं आहे. विशिष्ट प्रकारचा विमा घेतला की ते उघडता येतं, त्यात स्वतः आणि मालक पैसे टाकतात, त्यावर कर नाही, आणि नोकरी सोडली तरी ते पैसे आपलेच. भाऊ थोडा वेळ गप्प. ‘बिमारीचा फंड? आन् तो बी ट्रान्सफर होते?’

‘ट्रान्सफर करायचीही गरज नाही, मामा. माझ्याच नावावर आहे. तुमचा मेडिक्लेम काय म्हणतो?’

भाऊंनी फ्रीजचं दार उघडलं. खालच्या कप्प्यात, लॅमिनेट केलेली, तीन कार्डं निघाली. तीन मालकांनी तीन वेळा काढलेला सामूहिक मेडिक्लेम. तिन्ही त्या त्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपलेले. ज्या माणसाने 2004 नंतर फंडाचा एक रुपया वाऱ्यावर सोडला नव्हता, त्याला आजारपणाचं कवच आपल्या मागे चालत येत नाही हे पन्नाशीनंतर कळत होतं. सामूहिक विमा सुटताना त्याच कंपनीची वैयक्तिक पॉलिसी मागता येते, जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ तेवढा कमी धरला जातो, आणि 2024 पासून तो थांबण्याचा काळच जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे, हे सगळं मी त्यांना सांगितलं. पण ते अर्ज सुटायच्या वेळीच करायचे असतात. भाऊंना सुटायच्या वेळी फंडाच्या बदलीच्या फॉर्म 13 शिवाय काही दिसलेलं नव्हतं.

तसा त्यांचा आजवरचा मेडिक्लेम म्हणजे लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना. 23 डिसेंबर 1973 ला बाबा आमट्यांनी इथे काम सुरू केलं, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी जंगलात दवाखाना उभा केला, आणि पन्नास वर्षांत तिथे कुणाला कार्ड विचारून आत घेतलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात भाऊंच्या छातीत दुखलं तेव्हा त्यांना तिथेच नेलं. निघाले गॅसेस. पण तपासणीच्या टेबलावर आडवे असताना भाऊंनी वहिनींचा हात धरून जे विचारलं ते जन्माचं नातं सांगणारं होतं: ‘ई-नॉमिनेशनात तुहा फोटो चढला का गा?’

चढला नव्हता. नॉमिनी म्हणून लग्नाआधीच्या नोकरीतलं आईचंच नाव होतं, आणि फंडासोबत 7 लाखांपर्यंतचा जो विमा येतो, ज्याच्यावर भाऊ गावभर व्याख्यानं देतात, तोही त्याच जुन्या नावाच्या भरवशावर. वहिनी त्यानंतर दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच भाऊंना सेवा केंद्रात नेलं आणि फोटो चढेपर्यंत उठू दिलं नाही.

भाऊ आता सुधारले आहेत. महात्मा फुले योजनेत 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात म्हणून कार्ड काढलं. शिवाय स्वतःच्या नावावर एक वेगळी पॉलिसी घ्यायचं चाललं आहे, जी मालक बदलला तरी बदलणार नाही. अजून घेतलेली नाही. फॉर्ममध्ये नाव नेमकं कसं लिहायचं यावर अडलं आहे. दरम्यान त्यांनी पुन्हा नोकरी बदलली. जुनी 15 तारखेला सुटली, फॉर्म 13 त्याच दिवशी गेला. नव्या मालकाचा मेडिक्लेम पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून आहे. मधल्या दिवसांत भाऊ मोटरसायकल चालवत नाहीत. भामरागडला पायी जातात.