अजून खाली!

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर शनिवारी किराणा घ्यायला येणाऱ्या मराठी मंडळींत एक अण्णा असतातच. मूळचे कोल्हापूरचे, तालमीत घाम गाळलेले, सारी नोकरी अमेरिकेत करून निवृत्त झालेले. साठी उलटली तरी खांद्यावर बार घेऊन बसतात आणि उठतात. एवढ्यावर थांबले असते तर कुणाचीच तक्रार नव्हती.

अण्णांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची: मांडी गुडघ्याच्या खाली नेणारी आणि अर्ध्यातूनच उठणारी. दुसऱ्यांची त्यांना मनापासून कीव येते.

जिममध्ये एखादा पोरगा बारला दोन्हीकडे पंचेचाळीस पौंडांची एकेक प्लेट लावतो. बारसकट 135 पौंड, म्हणजे जेमतेम 61 किलो. फोनवर मात्र पौंड गाळून नुसतं ‘एकशे पस्तीस’ सांगायचं, साताऱ्यात आई ते किलोच समजते. तर हा गडी चार बोटं वाकतो आणि उठतो. मागून आवाज येतो, “बाळ, तू बसलास कधी?”

मग शाळा भरते. धावायचे मऊ बूट काढ. टाच उचलतेय, घोटा आखडलाय. टाचांखाली छोट्या प्लेटा सरकव. गुडघे आत पडू देऊ नकोस, पावलांच्या रोखानं जाऊ देत. पोटात श्वास भर, धर, मग बस. अजून खाली! पोरगा चिडून म्हणतो, “अण्णा, तालमीत तर टाचा उचलूनच बैठका मारतात.”

“मारतात की. खांद्यावर लोखंड घेऊन मारतात का?”

वैताग येतो तो याचाच. अण्णांचं बरोबर असतं.

1974 पासून याच रस्त्यावर असलेल्या पटेल ब्रदर्समध्ये तर कहरच. वीस पौंडांची कणकेची पिशवी छातीशी कवटाळून अण्णा डाळींच्या रांगेत सरळ खाली बसतात. कोपरं गुडघ्यांच्या आत, पाठ ताठ. “वजन पुढं धरलं की पाठ सरळ राहते. बार मागाहून.” मागे ट्रॉल्या तुंबतात. काकू हिंगाच्या डबीवरचा मजकूर वाचत, या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही अशा उभ्या.

या रस्त्याचा एक तुकडा गांधी मार्ग, दुसरा जिना वे. तिकडच्या एका कबाबवाल्याशी अण्णांचा जुना वाद आहे: गामा पैलवान कुणाचा? जन्म अमृतसरजवळचा, अखेर लाहोरात, त्यामुळे वाद मिटायची सोय नाही. हल्लीची पोरं पूर्ण बसत नाहीत, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

अण्णांनी कुणाला ‘शाब्बास’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. पूर्ण खाली गेलात तर एवढंच म्हणतील, “हं. आता वजन वाढव.”

डेव्हनला निघाला असाल तर कणकेची पिशवी कमरेत वाकून उचलू नका. अण्णा तूरडाळीपाशीच असतात.