जाळी कशाला धरून आहे?

बीडच्या जालना रोडवर उभी असलेली कुठलीही एसयूव्ही बघा. पुढे बुलबार, काचांना काळी फिल्म, नंबरप्लेटवर आकड्यांतून जुळवलेला ‘दादा’. बुलबारला केंद्राने २०१७च्या डिसेंबरात मनाई केली. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्येच उतरवायला सांगितली. दोन्ही आजही बसवून मिळतात. आणि त्याच गाडीच्या डिकीत उभा असलेला तीस किलोचा लॅब्राडॉर? त्याच्या आणि मागच्या सीटवरच्या पोरांच्या मध्ये काय आहे?

काही नाही.

बाहेरून कोणी धडकू नये म्हणून एवढं लोखंड. आतून काय येऊन आदळेल, याचा विचार शून्य.

‘आमचा टायगर शांत असतो हो, जागचा हलत नाही.’ हे वाक्य कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. असेल शांत. ब्रेक लागल्यावर त्याच्या स्वभावाला कोण विचारतो?

हिशेब शाळेतला आहे. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली होती आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. गाडी थांबली, कुत्रा थांबला नाही. त्याला तेवढ्याच वेळात थांबवायचं तर त्याच्या वजनाच्या चौदापट जोर लागतो. तीस किलोचा कुत्रा त्या क्षणी चारशे किलोंच्या वर जातो. बैलच मागून अंगावर आला म्हणा. आणि सोलापूर–धुळे महामार्गावर ५०ने चालवतं कोण? वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते.

‘अपघात रोज थोडेच होतात?’ नाही होत. पण आपल्याकडे कुत्र्यासह कुटुंब गावी येतं कधी? दिवाळीत. पुण्याहून नगर, कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा करत, बहुतेक रात्रीच. आणि उसाचा हंगाम सुरू होतो कधी? त्याच सुमाराला. वळण घेतलं की समोर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ब्रेक कचकन दाबावाच लागतो. मांजरसुंब्याच्या घाटात तर तेवढीही सवड मिळत नाही.

मागे बसणाऱ्याला काही होत नाही, हा समज निदान बीड जिल्ह्याने तरी कधीच सोडायला हवा होता. ३ जून २०१४ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. मागच्या सीटवर होते, पट्टा लावलेला नव्हता. १४ ऑगस्ट २०२२ला विनायक मेटे गेले, बीडहून मुंबईला जाताना, द्रुतगती मार्गावर. त्यानंतर तीन आठवड्यांनी पालघरजवळ सायरस मिस्त्री. पुन्हा मागची सीट, पुन्हा पट्टा नाही. शोकसभा झाल्या, चौकाचौकात फलक लागले. मागच्या सीटचे पट्टे मात्र आजही सीटकव्हरखाली दाबलेले आहेत. आपल्या गाडीत बघा. बक्कल सापडतं का हाताला?

पट्टा लावला तरी काम संपत नाही. पट्टा माणसाला पुढे जाण्यापासून रोखतो. मागून येणाऱ्या कुत्र्याला तो काय करणार?

म्हणून डिकी आणि मागची सीट यांच्यामध्ये जाळी. आणि जाळी घ्यायला गेलं की पहिली गडबड होते, कारण दुकानात आपण रंग विचारतो, भाव विचारतो, डिलिव्हरी विचारतो. विचारायचं एकच असतं.

ती कशाला धरून आहे?

कापडी जाळी कशाला धरून असते? चार हुकांना आणि इलॅस्टिकला. ती कुत्र्याला सांगते की पुढे येऊ नकोस. गुणी कुत्रा ऐकतो. चारशे किलो ऐकत नाहीत. कुत्र्याने पुढे येऊन गाडी चालवणाऱ्याच्या कोपराला नाक लावू नये, एवढ्यासाठी ती ठीक. तिला सुरक्षा म्हणू नका.

दुसरी, सगळ्यात जास्त खपणारी: नळ्यांची, वर-खाली ताणून बसवायची. खोक्यावर लिहिलेलं असतं, ‘सर्व गाड्यांना चालते’. दुकानातला पोरगा रबरी टोपण छताला टेकवतो, खालचं जमिनीला, मधला स्क्रू फिरवतो, छताचं अस्तर दबून खड्डा पडतो आणि तो म्हणतो, ‘बघा साहेब, हलतेय का?’ तो एका हाताने हलवतो. तुम्ही दोन्ही हातांनी धरा, पाय टेकवा आणि पुढच्या दिशेने ओढा. टोपण अस्तरावरून सरकतं. माणसाच्या ओढीने जी सरकते, ती धडकेत थांबणार आहे का? शिवाय आपल्या रस्त्यांवर आठवडाभरात तिचे स्क्रू ढिले होतात आणि खडखडाट सुरू होतो. मग एक दिवस कुणीतरी वैतागून ती काढून माळ्यावर टाकतं.

सर्व गाड्यांना चालते म्हणजे एकाही गाडीच्या मापाची नाही.

तिसरी, हेडरेस्टच्या दांड्यांना अडकणारी. पहिल्या दोघींपेक्षा बरी, कारण ती निदान लोखंडाला धरून आहे. पण हेडरेस्ट ज्या सीटला आहे, ती सीट तरी जागेवर राहते का? चाळीस-साठ वाटून घडी होणारी पाठ असेल तर तिची खिट्टी पूर्ण बसली आहे ना, हे गाडी काढण्याआधी पाठ ओढून बघावं. अर्धवट बसलेली खिट्टी बाहेरून दिसत नाही. हेडरेस्ट काढून जाळी बसवायला सांगणारे महाभागही आहेत. मागे बसणाऱ्याची मान ते कशावर टेकवणार?

चौथी, गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेली, पोलादी, कंपनीने बॉडीला दिलेल्या जागांवर बोल्टने बसणारी. महाग असते. मिळायला उशीर लागतो. काही गाड्यांसाठी आपल्याकडे मिळतही नाही. तरी घ्यायची तर हीच.

सीटची पाठ म्हणजे पहिली भिंत, हे दुकानदार सांगत नाहीत. युरोपात पाळल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या १७ क्रमांकाच्या वाहन नियमात या भिंतीची परीक्षा आहे. डिकीत १८ किलोचे दोन ठोकळे ठेवायचे, ताशी ५०च्या धडकेइतका झटका द्यायचा, पाठ टिकली पाहिजे. ठोकळे जमिनीवर असतात, म्हणून पाठीवर आदळतात. कुत्रा उभा असतो, पाठीच्या वरून डोकावत. कारवानी कुत्रा तर उंचच, पायांवर ताठ. तो पाठीवर आदळत नाही, वरून येतो. जाळीचं काम तिथलं आहे: सीटच्या माथ्यापासून छतापर्यंतची मोकळी जागा. तिथे फट ठेवणारी जाळी कितीही जाड असली तरी घेऊ नका.

खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ छापलेलं असतं. छपाईला कोणी अडवत नाही. आयएसओ २७९५५ हे गाडीतलं सामान रोखणाऱ्या साधनांचं जागतिक मानक आहे. त्याची चाचणी झाली आहे का, ते विचारा. दुकानदाराने खांदे उडवले तर उत्तर मिळालं.

मग बीडचा माणूस म्हणतो, आपला वेल्डर आहे ना. बार्शी नाक्यावर चौकोनी पाइप आणि वेल्डमेश आणून संध्याकाळपर्यंत करून देईल. देईल, यात शंका नाही. ज्यांनी ट्रॉल्या बांधल्या, त्यांना जाळी काय जड आहे? अडचण त्याच्या हाताची नाही, आपल्या सांगण्याची आहे. आपण सांगतो, ‘मजबूत कर.’ तो जाड पाइप लावतो. जाडी नको, पकड हवी. बोल्ट कुठे जाणार, ते आधी ठरवा. पत्र्याला नुसतं छिद्र पाडून आवळलेला बोल्ट झटक्यात पत्रा फाडून निघतो. मागून रुंद पट्टी द्यायला लावा. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावू देऊ नका, तो माणसासाठी आहे. काचेच्या वर छताच्या कडेला पडदा एअरबॅग असेल तर तिथे ड्रिल नको आणि आधारही नको. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर वेल्डिंगचं सगळं काम गाडीबाहेर. पाइपांची टोकं बंद, कडा घासलेल्या, कारण तीच जाळी पोरांच्या डोक्यामागे राहणार आहे. चौकोन एवढे लहान की कुत्र्याचं तोंड अडकणार नाही, एवढे मोठे की आरशातून मागचा रस्ता दिसेल.

आणि माप टेपने घ्या. डोळ्याने नाही.

सात सीटांच्या गाडीचं काय? बीडात अर्ध्या गाड्या त्याच. तिसरी रांग उभी ठेवली तर मागे कुत्र्याला जागाच उरत नाही, तो दाराला दाबला जातो. रांग पाडा, जाळी दुसऱ्या रांगेच्या मागे लावा. सात माणसं आणि कुत्रा असा बेत असेल तर दुसरी गाडी काढा किंवा कुत्र्याला शेतावर सांभाळायला कुणीतरी ठेवा. जुन्या बोलेरोत मागे समोरासमोरच्या बाकड्यांवर माणसं आणि त्यांच्या पायात कुत्रा बसतो. तिथे जाळी लावायला जागाच नाही, कारण ज्यांना वाचवायचं तीच माणसं कुत्र्याच्या बाजूला आहेत.

हे सगळं माणसांसाठी झालं. कुत्र्याचं काय?

जाळी कुत्र्याला वाचवत नाही. ती त्याला आपल्या अंगावर येऊ देत नाही, एवढंच. तो जाळीवर आदळणारच. म्हणून त्याला आदळायला अंतर मिळू नये, हे आपण बघायचं. मजबूत पिंजरा असेल तर तो सीटच्या पाठीला चिकटवून, कड्यांना बांधून ठेवा. पिंजरा नसेल तर छातीचा पट्टा आणि आखूड दोरी, डिकीतल्या सामान बांधायच्या कडीला. गळपट्ट्याला दोरी बांधून गाडीत बसवणं म्हणजे ब्रेकबरोबर फास. हे लिहावं लागतं, कारण हेच जागोजागी दिसतं.

त्या दोरीचा दुसरा उपयोग मागचं दार उघडल्यावर कळतो. घाटात गाडी थांबली, कुणी डिकी उघडली, घाबरलेला कुत्रा थेट रस्त्यावर. अपघातानंतर मदतीला धावणारे लोकही आधी दार उघडतात. दोरी असली तर कुत्रा जागेवर राहतो.

आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशी ओलांडतो. एसीचे झरोके पहिल्या-दुसऱ्या रांगेपर्यंत, डिकीत हवा पोचते ती उरलीसुरली. कापडाने मढवलेली किंवा पत्र्याची बंद आडभिंत लावली तर तीही नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही; धापा टाकून तो अंग थंड करतो आणि त्यासाठी हवा लागते. म्हणून उघडीच जाळी हवी. बंद गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस-बावीस अंशांनी तापते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासात होते. ढाब्यावर जेवायला किती वेळ लागतो?

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२५-ईमध्ये जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी कप्प्यांची मापं दिली आहेत. म्हशीला दोन चौरस मीटर, शेळीला ०.३, कोंबडीला ४० चौरस सेंटीमीटर. घरच्या गाडीतल्या कुत्र्याचं माप त्यात नाही. प्राण्याला यातना होतील अशा रीतीने नेणं १९६०च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. साठ वर्षं उलटून गेली, वरचा आकडा तोच. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत ५७ क्रमांकाचा नियम कुत्र्याला पट्टा, पिंजरा किंवा अशीच जाळी लावायला सांगतो. आपल्याकडे असा एक साधा नियम लिहायला काय लागतं?

माजलगाव तालुक्यातल्या लवूळची माकडं डिसेंबर २०२१मध्ये कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर नेत होती, तेव्हा बीडच्या कुत्र्यांची बातमी परदेशांत पोचली. नागपूरहून वन विभागाचं पथक आलं, दोन माकडं पकडली. सगळ्यांना हळहळ वाटली, खरीच वाटली. तीच हळहळ डिकीपर्यंत आणायची आहे.

नियम येईल तेव्हा येईल. शोरूममध्ये मात्र आजच बोलता येतं. गाडी बुक करताना सेल्समन क्रोमच्या पट्ट्या, मॅट, सीटकव्हर आणि दारातले चमकणारे दिवे फुकट देऊ करतो. ते त्यालाच ठेवू द्या. त्याऐवजी आपल्या मॉडेलची, बोल्टवर बसणारी जाळी मागा. ‘येत नाही साहेब’ म्हणाला तर ऑर्डरच्या कागदावर लिहून मागा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला परत विचारा. ‘मागणीच नाही हो’ हे उत्तर ऐकून घरी येऊ नका. बेचाळीस अंशांच्या उन्हात छताला भोक असलेल्या गाड्या बीडात खपतील, असं दहा वर्षांपूर्वी कोण म्हणत होतं? आपण सनरूफ मागितला, कंपन्यांनी दिला. मग जाळी का मागत नाही?