आतला टी-शर्ट

मला घरात सगळे 'हो-हो' म्हणतात. कारण मी कुणालाच नाही म्हणत नाही. सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलना मी आपलाच माणूस वाटतो, आणि मतमोजणीच्या दिवशी मी गावाला गेलेला असतो. ही विद्या डोंबिवलीत चालते. कोल्हापुरात चालत नाही, एवढं कळायला मला दोन दिवस, दोन टी-शर्ट आणि दीड लिटर म्हशीचं दूध लागलं.

गेलो होतो मुलीच्या लग्नाच्या पत्रिका द्यायला. कोल्हापुरात आमची घरं दोनच, एक माझ्या मावसभावाचं आणि एक बायकोच्या आत्यांचं. पत्रिका कुरिअरने धाडली तर आत्या लग्नात अक्षता टाकतील, पण जेवणार नाहीत, असं बायकोचं मत पडलं. मी अर्थातच हो म्हणालो आणि शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो. दोन्ही घरं दोन वेगवेगळ्या पेठांत आहेत. कोणत्या ते विचारू नका. पुढे टी-शर्ट येतील, त्यांचेही रंग विचारू नका. मला कोल्हापूरला परत जायचं आहे.

शनिवारी सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर भाऊ मोटारसायकल घेऊन हजर होता. प्रवास कसा झाला, वहिनी कशा आहेत, यातलं काहीही न विचारता म्हणाला, "दादा, उद्याची मॅच बघूनच जायचं."

"कुणाची? भारताची?"

त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. घरात कुणी गेल्याची बातमी द्यावी तशा आवाजात म्हणाला, "दादा, फुटबॉल. लीगची शेवटची मॅच हाय."

माझा फुटबॉलशी संबंध इतकाच, की शाळेत मला गोलपोस्ट केलं होतं. गोलकीपर नव्हे. तीन दप्तरं होती, एक कमी पडत होतं. तरीही मी म्हणालो, "वा, म्हणजे बघायलाच हवी." हो म्हणायची खोड!

आता कोल्हापूरचं हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मलाही ते मोटारसायकलवर मागे बसून, अर्धं वाऱ्यात गेलेलं, असंच कळलं. इथल्या नामांकित फुटबॉल संघांची नावं पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ अशी आहेत. वाचणाऱ्याला वाटावं, आत पैलवान घुमत असतील. घुमायचेच. शाहू महाराजांनी कुस्तीला असा काही आश्रय दिला, की पेठापेठांतून तालमी गजबजल्या. १९१२ साली त्यांनी खासबागेचं मैदान बांधून घेतलं. पुढे त्याच तालमींच्या नावाने पोरं फुटबॉल खेळू लागली. त्यामुळे इथे संघ हा क्लब नसतो, पेठ असते. गावोगावचे क्लब खेळाडू विकत घेतात, इथेही परदेशी खेळाडू आणून उतरवलेले आहेत. पण नायजेरियातून आलेला माणूससुद्धा चार महिन्यांत 'आमच्या पेठेतला' होतो. विश्वचषक आला की निम्मं गाव ब्राझील असतं, निम्मं अर्जेंटिना. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघात याच गावचा अनिकेत जाधव होता, हे मला त्या दिवशी सात वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. सातही वेळा मी "काय सांगता!" म्हणालो.

अंबाबाईचं दर्शन झालं. रंकाळा पाहिला, आहे.

दुपारी आत्यांकडे गेलो. आत्या पंच्याऐंशीच्या. घर स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी पत्रिका देवापुढे ठेवली, कुंकवाचं बोट लावलं, मला वाटलं काम झालं. इतक्यात त्यांचा नातू आतून आला. "काका, उद्या आमच्यासंगं मॅचला यायचं. हे घ्या." हातात टी-शर्ट. सकाळी भावानेही एक दिला होता. दोन्ही रंग शेजारी ठेवले असते तर आपोआप पेटले असते, आणि उद्याचा सामना याच दोन पेठांचा होता.

"जावईबापू येणार की," आत्या म्हणाल्या.

मी हो म्हणालो.

रात्री नऊ वाजता भाऊ मला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर घेऊन गेला. जगात इतर ठिकाणी फुटबॉलचे शौकीन चर्चेला काय पितात ते ऐकून आहोत. कोल्हापुरात म्हैस समोर उभी असते, धार काढतात आणि फेसाळ कोमट दुधाचा भलाथोरला ग्लास हातात देतात. ओठावर पांढऱ्या मिश्या उमटलेले आठ-दहा दांडगे लोक तावातावाने गोलफरक मोजताहेत, हे दृश्य पन्हाळ्यापेक्षा प्रेक्षणीय आहे.

हिशेब असा होता. तिसऱ्याच एका पेठेचा संघ आपले सगळे सामने संपवून एक गुणाने पुढे बसला होता. आपल्या दोन्ही पेठा त्याच्या एकेका गुणाने मागे, दोघींचाही एकच सामना शिल्लक आणि तो एकमेकींशी. जो जिंकेल त्याला तीन गुण, विजेतेपद त्याचं.

"उद्या काटा किर्र! तीन पॉइंट, विषय संपला."

"त्यांचा सेंटर हाफ लंगडतोय."

"लंगडतोय न्हवं, नाटक करतोय. मी सकाळी जिन्यावरनं पळताना बघितलाय."

"तुमी तेंच्या जिन्याजवळ काय करत हुता?"

यावर एक गंभीर शांतता पसरली. ती मोडावी म्हणून, केवळ सभ्यतेपोटी, मी विचारलं, "आणि बरोबरी झाली तर?"

म्हशीनेसुद्धा मान वळवली. बरोबरी झाली तर तिघांचे गुण सारखे होतात आणि गोलफरकावर तिसरी पेठ जिंकते, हे गणित तिथल्या प्रत्येकाला येत होतं. बोललं कुणीच नव्हतं. एका आजोबांनी पायातली चप्पल जमिनीवर तीनदा आपटली. "पावणं," ते म्हणाले, "दूध प्या." दूधवाला मात्र माझ्याकडे बघून हसला आणि न मागता दुसरा ग्लास पुढे केला.

साडेदहाला आत्यांच्या नातवाने मला बाहेर काढलं. "काका, तुमास्नी कोल्हापूरचं स्पेशल दाखवतो." तोच कट्टा, तीच म्हैस. नवीन दहा मिश्या. तोच सेंटर हाफ, फक्त इथे तो वाघ होता आणि समोरच्यांचा गोलकीपर आंधळा. दूधवाल्याने मला ओळखलं, पण बोलला नाही. दोन्ही पेठांना दूध घालणारा माणूस, माझ्याच जातकुळीचा तटस्थ असणार, असं वाटून मला भरून आलं. तिसरा ग्लास संपवताना मी हळूच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कोण जिंकेल?"

"बघू की, पावणं," तो म्हणाला.

रविवारी माझी योजना साधी होती. पहिला हाफ भावाबरोबर. दुसरा हाफ नातवाबरोबर, स्टेडियमच्या दुसऱ्या टोकाला. नातवाचा टी-शर्ट आत, भावाचा वर. हाफ टाइमच्या जरा आधी 'लघवीला जाऊन येतो' म्हणायचं, वरचा काढायचा, पिशवीत कोंबायचा, चालू लागायचं. मी अर्थखात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. यापेक्षा अवघड ताळेबंद जुळवलेत.

उन्हात दोन टी-शर्ट घालून बसलेला माणूस कसा दिसतो, ते मला चाळिसाव्या मिनिटापर्यंत शेजारच्यांच्या नजरांतून कळत होतं. भाऊ दोनदा म्हणाला, "दादा, घाम लई येतोय तुम्हाला." मी म्हणालो, "टेन्शन." तो गहिवरला. त्याला वाटलं, मी पेठेचा झालो.

चाळिसाव्या मिनिटाला उठलो. गॅलरीमागे एक आडोसा दिसला. दोन्ही हातांनी वरच्या टी-शर्टची कड धरून वर ओढली आणि घामाने एकजीव झालेले दोन्ही टी-शर्ट एकदमच वर आले. ते चष्म्याला अडकले. चष्मा कानाला अडकला. खाली बनियन, वर काळोख, हात आभाळाकडे. आणि नेमक्या त्या क्षणी स्टेडियम फुटलं.

गोल! कुणाचा? दोन रंगांच्या कापडात डोकं खुपसलेल्या माणसाला कळणार कसं? आनंद करायचा की कपाळाला हात लावायचा, आणि हात तर दोन्ही वरच! मी आत गुदमरत "गोऽऽल" असा एक गोळाबेरीज आवाज काढला. माझ्या भोवती लोक नाचत पळत होते, एकाने मला मिठी मारली, त्या मिठीत टी-शर्टाचे दोन्ही रंग दिसून त्याने लगेच सोडलं.

कुणीतरी कापड खस्सकन ओढून मला प्रकाशात आणलं. बंदोबस्ताचा हवालदार होता. दोन्ही टी-शर्ट एका हातात धरून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कुठल्या बाजूचं?"

"मी... दोन्हीकडचा पाहुणा."

"तसं काय नसतंय," तो म्हणाला, आणि अतिशय आपुलकीने मला गेटाबाहेर नेऊन सोडलं. "काका, तुमच्या भल्यासाठी सांगतो. घरला जावा."

बनियनवर कोल्हापूरच्या रस्त्याने चालत आत्यांकडे पोचलो. दार उघडं. आत्या गच्चीत होत्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर मोबाईल उभा करून. मागे न बघताच म्हणाल्या, "या जावईबापू. मोबाईलवर दिसलासा."

सामना यूट्यूबवर थेट दाखवत होते. कॅमेरावाल्याला गोलनंतर प्रेक्षकांचा आनंद टिपायचा होता.

मी शेजारी जमिनीवर बसलो. आत्यांनी मोबाईल पालथा केला. "चित्र मागनं येतंय," म्हणाल्या, "आवाज आधी येतोय. मी आवाजावरच बघते."

मग कळलं. आत्यांचे यजमान गोलकीपर होते. लग्न झाल्यावर आत्या एकदाच स्टेडियमवर गेल्या, आणि त्या दिवशी यजमानांनी सोपा गोल खाल्ला. घरी आल्यावर म्हणाले, तू नको येत जाऊस, माझं ध्यान तुझ्याकडं जातंय. तेव्हापासून आत्या गच्चीत. यजमानांना जाऊन तीस वर्षं झाली. "आता जायला काय हरकत हाय, पोरगं म्हनतंय. पण त्यांनी सांगितलंय न्हवं," आत्या म्हणाल्या आणि पदराने कपाळ टिपलं. मी पहिल्यांदा हो म्हणालो नाही. गप्प बसलो.

खाली स्टेडियम एकदा उसळलं, पडलं. "कॉर्नर," आत्या म्हणाल्या. मग शिट्ट्या. "लाइनमनला शिव्या." बराच वेळ नुसता गुणगुणाट. आणि मग एक आवाज आला, पहिल्या गोलाइतकाच मोठा, पण दुसऱ्या बाजूने. आत्यांनी डोळे मिटून घेतले. "बरोबरी केली."

"कुणी?"

"आमच्यांनी."

पाच मिनिटांनी शिट्टी झाली, ती आम्हाला ऐकू आली नाही. ऐकू आली ती शांतता. आठ-दहा हजार माणसं एकदम गप्प झाल्याची. दोन्ही पेठा हरल्या होत्या. अख्ख्या कोल्हापुरात निकालाने सुखावलेला मी एकटाच, असं मनात येऊन मला गुन्हेगारासारखं वाटलं. परवा रात्री मीच तर बरोबरीचं नाव काढलं होतं... परवा नव्हे, कालच.

एवढ्यात दूर, भलत्याच दिशेला, फटाक्यांची माळ लागली. मग दुसरी.

आत्यांनी कान तिकडे केला. "ह्ये कुठनं?"

मला दूधवाला आठवला. त्याची पेठ कोणती, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.