सौ. स्टेपनीबाईंना बेदखलीची नोटीस

सौभाग्यवती वज्रचूडेमंडित स्टेपनीबाई,
मुक्काम डिकीचा तळ, गालिच्याखाली, यांस

समस्त गॅसधारी वाहनमालकांच्या मुखत्याराचे कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

आमचे अशील, पुण्यातील एक प्रपंचदक्ष गृहस्थ, यांनी आपल्या मोटारीच्या मागल्या आसनामागे आडवी निजलेली 40 लिटरची एल.पी.जी. टाकी रजेवर पाठवून 60 लिटरची, कड्यासारखी वाटोळी, नवी टाकी बसविण्याचा निश्चय केला असून, तिच्यासाठी आपण आजवर निर्वेधपणे नांदत आलात तो खळगा खालसा करण्यात येत आहे, हे कळविण्यास आम्हांस अत्यंत खेद व अशिलांस अत्यंत आनंद होत आहे.

आपले घराणे लहानसहान नव्हे, हे आम्ही जाणतो. वेल्समधील लानेली गावी, स्टेपनी रस्त्यावर, 1904 साली डेव्हिस बंधूंनी आपल्या मूळ पूर्वजास जन्म दिला. त्याला आरेसुद्धा नव्हते, नुसती धाव आणि फुगवलेला टायर, आणि तो पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून कवटाळून घरापर्यंत सोबत करी. परंतु वतनाचा असा पुरावा पुढे करून दाद मागण्याचे दिवस आता उरले नाहीत. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच एवढे असले की प्रवासी मोटारीत आपली हजेरी सक्तीची नाही, असे सरकारनेच 2020 साली ठरवून टाकले आहे. अशिलांच्या गाडीत या तिहींपैकी फक्त टायर आहेत. पण सवलतीचा अर्धाच भाग वाचण्याची आपल्या समाजाची रीत जुनी आहे.

आता या महत्त्वाकांक्षेचा हिशेब आपणांसमोर मांडणे मुखत्यार म्हणून आमचे कर्तव्य आहे. 60 लिटरच्या टाकीत 60 लिटर गॅस मावत नाही. मावू देत नाहीत. द्रवरूप गॅस उन्हाने फुगतो, आणि टाकी काठोकाठ भरलेली असेल तर त्या फुगण्याला पोलादाखेरीज दुसरे काही रेटायला उरत नाही, म्हणून आतला तरंगता गोळा 80 टक्क्यांशी पोहोचताच आवक बंद करतो. तेव्हा जुन्या टाकीत 32 लिटर, नवीत 48. वाढ 16 लिटरांची, वजनाने साडेआठ किलोंच्या आसपास. यासाठी डिकीचा तळ चार बोटे वर उचलला जाणार, लग्नाची ट्रंक यापुढे आडवी न बसता तिरकी बसणार, आणि आपण रस्त्यावर.

येथे एक गोष्ट आपल्या कानावर घालतो, कारण ती अशिलांच्या कानावर घालून उपयोग झाला नाही. टाकीच्या तोंडाशी जो बहुउद्देशी व्हॉल्व्ह असतो, ज्यात भरणा थांबविणे, पातळी दाखविणे आणि जादा दाब सोडणे ही सारी खाती एकाच कारकुनाकडे दिलेली असतात, तो टाकीच्या आकारासाठी, उंचीसाठी आणि बसविण्याच्या कोनासाठी घडविलेला असतो. मिस्त्री म्हणाला, ‘जुनाच लावू साहेब, चांगला आहे, पैसे वाचतील.’ आडव्या नळकांड्यासाठी केलेला गोळा कड्याच्या पोटात जाऊन बसला, तर त्याचे 80 टक्के कधी 70 होतील आणि कधी 95. सत्तरात अशिलांची 6 लिटरांची फसगत होईल. पंचाण्णवात काय होईल ते वैशाखातल्या दुपारी उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीस विचारावे.

आणि हे सारे कशापायी? तर ऑटो एल.पी.जी.चे पंप विरळ होत चालले आहेत, सी.एन.जी.च्या रांगा तेवढ्या वाढत आहेत, आणि गावाकडच्या वाटेवर गॅस मध्येच संपतो. तक्रार खरी आहे. मात्र त्याच गाडीच्या पोटाखाली पेट्रोलची आणखी एक टाकी आहे, डॅशबोर्डावरचे एक बटण दाबले की ती विनातक्रार सेवेस हजर होते, आणि तिच्यातले पेट्रोल महिनोन्महिने तसेच पडून शिळे होत आहे, याचा उल्लेख केला असता अशिलांच्या मुद्रेवर जी वेदना उमटली ती पाहून आम्ही विषय बदलला. आमच्या मते मोठी टाकी अंतरासाठी बसविली जातच नाही. पेट्रोलच्या बटणाला हात लावावा लागू नये, एवढ्यासाठी बसविली जाते.

याहून स्वस्त मार्ग सुचविणारेही भेटतात. आसनामागे घरगुती लाल सिलिंडर आडवा टाकायचा की झाले. त्यात 14.2 किलो गॅस, म्हणजे जेमतेम 26 लिटर, अर्थात जी टाकी अपुरी म्हणून काढली तिच्याहूनही कमी. त्याला ना तो तरंगता गोळा, ना गळती गाडीबाहेर नेणारी नळी. हा गॅस हवेहून जड असल्याने गळला तर वर न जाता गाडीच्या तळाशी, मुलांच्या दप्तरांशेजारी, साचत राहतो. शाळेच्या मुलांना ने-आण करणाऱ्या गाड्यांतून हा प्रकार चालतो आणि तो गुन्हा आहे. येथे आमचा विनोद थांबतो.

राहिली कागदपत्रे. टाकीच्या नमुन्यास नागपूरच्या मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मान्यता, बसविणारा अधिकृत, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 अन्वये नोंदणीपुस्तकात बदलाची नोंद, इतके सोपस्कार आहेत. पुस्तकात टाकी एक आणि डिकीत दुसरीच, अशा गाडीस अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम कोणते पान उघडील, हे आम्ही अशिलांना लेखी कळविले आहे. पोच अद्याप नाही.

तरी आपण आठ दिवसांत खळगा रिकामा करावा. आपल्या पुनर्वसनासाठी टपावरचे कॅरियर, घरातील माळा आणि मेहुण्यांचे गॅरेज अशा तीन जागा विचाराधीन असून मेहुण्यांची संमती गृहीत धरली आहे. जॅक आणि पाना मात्र गाडीतच ठेवून जावे. पंक्चर झाल्यावर त्यांचे काय करायचे, ते मालक ठरवीत आहेत.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
मुखत्यार, समस्त गॅसधारी वाहनमालक