सव्वा पोराचा चहा

साहेब : मावशी, चहात साखर फार झालीय हो.

मावशी : साखरेचं राहू द्या, साहेब. सव्वा पोर गेलंय त्यात.

साहेब : काय गेलंय?

मावशी : सव्वा पोर. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा १० रुपयांना. अंगणवाडीच्या हिशोबात एका पोराचं दिवसाचं खाणं ८ रुपयांचं. म्हणजे चहा पडला सव्वा पोराला. पोह्यांची प्लेट ३० रुपये, ती पावणेचार पोरं. ही पाण्याची बाटली अडीच पोरं. आल्यापासून साडेसात पोरं संपवलीत तुम्ही.

साहेब : हळू बोला! बाहेर पालक उभे आहेत.

मावशी : मला आता दुसरं गणितच येत नाही. परवा बाजारात कोथिंबिरीची जुडी बघितली आणि बाईला म्हटलं, दोन पोरं जास्त होतात, दीडला दे. बाई टोपली सोडून पळायला निघाली.

साहेब : ८ रुपये कमी नाहीत मावशी. आधी ६ होते. २०१७ मध्ये सरकारनं वाढवले.

मावशी : हो की. त्या साली जन्मलेलं पोर रांगलं, इथं येऊन खिचडी खाऊन गेलं, आता मराठी शाळेत पाढे म्हणतंय. दर तेवढा अजून अंगणवाडीतच बसलाय.

साहेब : केंद्र आणि राज्य, दोघंही निम्मा निम्मा भार उचलतात.

मावशी : म्हणजे अर्धं पोर दिल्लीचं, अर्धं मुंबईचं. किराणावाला मात्र एकच, आणि तो अख्खे पैसे मागतो. अनुदान येईस्तोवर बचतगटाच्या बायका त्याच्या दुकानावरून मान खाली घालून जातात.

साहेब : अहो, जगातल्या सगळ्यात मोठ्या योजनांपैकी एक आहे ही अंगणवाडीची योजना. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, गांधीजयंतीला.

मावशी : तरीच तिला उपासाचं एवढं अंग!

(साहेबांना हसू आलं होतं. पण सोबत फाईल असली की साहेब लोक हसत नाहीत. त्यांनी फाईल उघडली.)

साहेब : हे बघा, निकष. ३ ते ६ वर्षांच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. मिळतात का?

मावशी : तुम्हीच मिळवून दाखवा. एका अंड्यात प्रथिनं साधारण सहा ग्रॅम. थंडीत अंडं जातं आठाला, म्हणजे एक पोर. बारा ग्रॅमला दोन अंडी, म्हणजे एका पोराला जेवायला घालायचं तर शेजारचं एक उपाशी ठेवायला लागतं. वर तेल, मीठ, गॅस. भांडी मी घासते, ती फुकटात.

साहेब : आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंडी-केळी देतोच आपण.

मावशी : मग आमच्या पोरांनी जन्मायच्या आधी तुमचा नकाशा बघायला हवा होता. आणि ती आमची कोपऱ्यातली चिमी, तिला तुम्ही दीड धरता ना?

साहेब : ती तीव्र कुपोषित श्रेणीत आहे. तिला १२ रुपयांचा दर. ८०० कॅलरी.

मावशी : वाळून अर्धी झाली तेव्हा कागदावर दीड झाली. आता खाऊन पिऊन अंग धरलं की परत आठावर. तिची आई परवा विचारत होती, वजन वाढू द्यायचं की नको?

साहेब : भलतंच काय! आपण जनजागृती करतो ना. सप्टेंबरात पोषण माह साजरा केला, दारावर फ्लेक्स लावला.

मावशी : लावला ना. ६०० रुपयांचा. पंचाहत्तर पोरं टांगलीत तिथं. त्यावर सफरचंद, डाळिंब, दुधाचा पेला. पोरं रोज येता-जाता त्या पेल्याला बोट लावून बघतात.

साहेब : (आवाज चढवून) बरं, हे सांगा. पटावर आजची हजेरी पंधरा. मी ताटल्या मोजल्या, सतरा. या दोन कुठून आल्या?

मावशी : भावंडं आहेत. थोरलीबरोबर येतात.

साहेब : वय?

मावशी : दोन, अडीच.

साहेब : मग ते गरम ताज्या आहाराचे लाभार्थीच नाहीत. तीन वर्षांखालच्यांना घरपोच पाकीट मिळतं. हे नियमबाह्य आहे.

मावशी : पाकीट घरी जातं, साहेब, पण पोर घरी नसतं. आई ऊस तोडायला जाते, ते थोरलीच्या कडेवर बसून इथं येतं. बहीण खाताना त्यानं काय करायचं, फ्लेक्स चाटायचा?

साहेब : ते मला सांगू नका. उद्या लेखापरीक्षणात मला विचारतील, पंधराच्या धान्यात सतरा कसे जेवले? म्हणजे आधी दोनाचं धान्य मुरत होतं, असंच म्हणतील!

मावशी : (पदर खोचून) मुरत होतं? ताटलीत घातलेलं मुरलेलं दिसतं तुम्हाला? पंधराची खिचडी सतरांत वाटली की प्रत्येकाला घास कमी पडतो. ते घास मोजा ना. त्याचा रकाना आहे तुमच्या फाईलीत?

साहेब : मावशी, आवाज खाली.

मावशी : तुमच्यामुळेच चढला. चोर म्हणालात.

साहेब : चोर कुठं म्हणालो? शेरेबुक आणा, मला शेरा लिहायचाय.

मावशी : ते सेविका ताईंकडे.

साहेब : ताई कुठं आहेत?

मावशी : पाण्याच्या टाकीवर. पोषण ट्रॅकर भरायला रेंज तिथंच मिळते.

साहेब : बोलवा खाली.

मावशी : सकाळपासून आत्ता कुठं नववं पोर चढलंय. मधेच उतरल्या तर परत पहिल्यापासून. तुम्हीच जा वर.

साहेब : मी? त्या शिडीवरून?

मावशी : सांभाळून हं. चौथी पायरी सुटलीय. ग्रामपंचायत म्हणते ती तुमच्या खात्याची, आणि तुमचं खातं म्हणतं...