अत्तर आणि फेटा

पांढरकवड्याचे नाव सातासमुद्रापलीकडील वर्तमानपत्रांत मोठ्या थाटाने झळकले, ते केळापूरच्या जगदंबेच्या कृपेने नव्हे की येथील कापसाच्या गुणानेही नव्हे. न्यूयॉर्कच्या एका नामांकित पेढीने पुरुषांच्या अंगाला लावण्याकरिता १९८६ साली बाजारात आणलेल्या एका अत्तराच्या पुण्याईने ते झळकले. २०१८ च्या ऑक्टोबरात, टी-१ या वाघिणीच्या शोधार्थ वनखात्याने हत्ती, श्वान, कॅमेरे आणि बंदुका असा जो सरंजाम गोळा केला होता, त्यात केल्विन क्लाइनच्या ‘ऑब्सेशन फॉर मेन’ या अत्तराचीही भरती झाली. ज्या मुलुखात लग्नसराईत कानात अत्तराचा फाया ठेवणे ही चैनीची परमावधी समजली जाते, तेथील पळसाच्या झुडपांना विलायती सुगंध लाभावा आणि तोही सरकारी दप्तरातून, हा योग आमच्या कोणत्याही ज्योतिषाने वर्तविला नव्हता.

या निवडीमागे शास्त्र होते, हे मात्र मान्य केले पाहिजे. न्यूयॉर्कच्याच ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली दोन चित्त्यांपुढे चोवीस अत्तरे मांडण्यात आली आणि कोणत्या अत्तरापाशी ते किती वेळ रेंगाळतात हे घड्याळ लावून मोजण्यात आले. काही नामांकित अत्तरांकडे त्यांनी काही सेकंदांपलीकडे ढुंकूनही पाहिले नाही. या एका अत्तरापाशी मात्र ते सरासरी अकरा मिनिटे घुटमळले, आणि याचे कारण त्यातील जवादी मांजराच्या ग्रंथीतून स्रवणाऱ्या गंधाची कृत्रिम नक्कल असावी, असे जाणकार सांगतात. अकरा मिनिटे! समाजमाध्यमांवर आपल्या मालाची चित्रे टाकणाऱ्या कंपन्यांना विचारून पाहा. अंगठ्याने पडदा वर सरकवीत चाललेला माणूस त्यांच्या चित्रापाशी तीन सेकंद थबकला तरी त्या सत्यनारायण घालतील. या थबकण्यालाच त्या दरबारात ‘एंगेजमेंट’ अशी संज्ञा आहे. आमच्या वऱ्हाडात एंगेजमेंट म्हणजे साक्षगंध. आणि गंधाचा असा साक्षात प्रत्यय प्रथम चित्त्यांनीच दिला, हे लक्षात घेता आमचाच शब्द अधिक शास्त्रशुद्ध ठरतो. शिवाय चित्ता खोटे ‘लाइक’ देत नाही, आणि वितरकाचा मेहुणा नसल्यामुळे त्याला ते द्यावेही लागत नाही.

अत्तरावाल्यांची अशी परभारे प्रसिद्धी होत असता, ज्या जनावरासाठी हा खटाटोप चालला होता त्याचाही एक स्वतंत्र ब्रँड होऊन बसला. वनखात्याच्या दप्तरी ती टी-१. राळेगाव-पांढरकवड्याच्या शिवारांत ती नुसतीच वाघीण, आणि रानात गेलेला माणूस दिवेलागणीच्या आत परतला की नाही एवढ्यापुरताच तिच्याशी लोकांचा संबंध. परंतु टी-१ या नावाने कोणाच्याही डोळ्यांत पाणी उभे राहत नाही. तेव्हा दूरच्या शहरांतील वन्यजीवप्रेमींनी तिचे बारसे करून ‘अवनी’ असे सुबक, संस्कृतोद्भव नाव ठेवले, त्यामागे ‘लेट अवनी लिव्ह’ हे इंग्रजी आर्जव जोडले आणि पाहता पाहता ती घरोघरच्या फोनांत जाऊन बसली. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीस बळी पडली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. तो सर्वस्वी खरा की अंशतः, हा वाद जाणत्यांनी करावा. त्या तेरांपैकी एकाच्याही नावाची अशी मोहीम निघाल्याचे मात्र माझ्या वाचनात नाही. त्यांची नावे सुबक नसावीत.

नाव हीच सर्व व्यापाराची मेख आहे, हे आमच्या गावच्या बी-बियाण्यांच्या बाजारात मृग लागण्याच्या सुमारास उभे राहिले म्हणजे लख्ख दिसते. बीटी कपाशीचा कमाल भाव सरकार ठरविते. २०२५ च्या खरिपात ४७५ ग्रॅमच्या बोलगार्ड-दोन पाकिटाला तो ९०१ रुपये होता. बोंडअळीला मारणारी जनुके बहुतेक सर्व पाकिटांत तीच, वजन तेच, भावाची कमाल मर्यादा तीच. वाणावाणांत अंतर असते हे खरे, तथापि पाकीट हातात घेऊन ते अंतर ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. अशा स्थितीत एका कंपनीने दुसरीवर कुरघोडी करावी ती पाकिटावरील नावाने आणि फोनमधील चित्राने. म्हणून सर्वांनी आपला मोर्चा समाजमाध्यमांकडे वळविला आहे.

त्यांची पाने मी मोठ्या आवडीने पाहतो. पोळ्याच्या दिवशी सूर्य उगवण्याच्या आत शुभेच्छा हजर असतात, फक्त चित्रातील बैलाला वशिंड नसते. मुंबईतील किंवा हैदराबादेतील ज्या चिरंजीवांनी ते चित्र निवडले त्यांनी बैल हा प्राणी युरोपात पाहिला असावा. पुण्यतिथी कोणा महापुरुषाची असली तर विनम्र अभिवादनाच्या खाली, किंचित बारीक अक्षरांत, पाच पाकिटांवर एक टोपी मोफत. फवारणीच्या औषधांच्या पानावर चष्मा, मुखपट्टी, हातमोजे असा सर्व जामानिमा केलेला एक शेतकरी खांद्याएवढ्या पऱ्हाटीत उभा असतो, आणि आश्विनातल्या उन्हातही त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नसतो. २०१७ च्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक माणसे दगावली. तेव्हाच्या एकाही बातमीत असा पोशाख केलेला माणूस मला दिसला नव्हता, तेव्हा हा गृहस्थ कोणत्या गावचा याची चौकशी करावी असे मनात आहे.

सरकारनेही या बाबतीत मागे राहू नये हे योग्यच झाले. ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनाचा मुहूर्त साधून, भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ असे नाव देण्यात आले. गाठीला चौकटी-ठिपक्यांची चिठ्ठी लागते आणि ती फोनने टिपली की गाठीचा कुलवृत्तान्त समोर येतो म्हणतात. आमच्या जिनिंगच्या फाटकातून मी पन्नास वर्षे ये-जा करीत आहे. तेथे सरकीचा, धुळीचा आणि गाड्यांखाली विसावलेल्या बैलांच्या शेणाचा वास मला ओळखीचा आहे. कस्तुरीचा अद्याप आला नाही, पण वयोमानाप्रमाणे नाक मंद झाले असेल.

गेल्या हंगामातील एक प्रसंग सांगतो. एका कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर मी बसलो असता एका कंपनीचे प्रतिनिधी मोटारीतून उतरले. गाडीच्या डिकीतून त्यांनी एक भगवा, तयार बांधलेला फेटा काढला, बियाणे घ्यायला आलेल्या पाटणबोरीकडील एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवला, त्याच्या हाती पाकीट दिले आणि फोन रोखून ते म्हणाले, “काका, हासा ना जी थोडं.”

म्हातारा गंभीरपणे म्हणाला, “पऱ्हाटी त आजून पेरलीच नाही, हासू कायले?”

हे उत्तर मार्मिक असले तरी कंपनीच्या उपयोगाचे नव्हते. अखेर दुकानदाराने म्हाताऱ्याच्या नातवाचे नाव काढले, म्हातारा हसला आणि फोटो निघाला. संध्याकाळी तो माझ्या फोनवर येऊन पोचला. खाली लिहिले होते : ‘समाधानी शेतकरी, भरघोस उत्पन्न.’ आमच्याकडे त्या वेळी पहिला पाऊसही झाला नव्हता.

परंतु ही पुढची गोष्ट. फोटो निघाल्यावर म्हाताऱ्याने फेटा काढून हातात धरला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडे केले. त्याच्या आधी बऱ्याच समाधानी शेतकऱ्यांचा घाम त्यात मुरला असावा. तरीही कापड बरे होते. “हा ठेवू का जी?” त्याने विचारले. प्रतिनिधींनी हसत तो त्याच्या हातून घेतला, डिकीत टोप्यांच्या खोक्यावर नीट ठेवला आणि घाटंजीला उशीर होतो म्हणून गाडी सुरू केली.