राजूरच्या वाटेवरचा अडेल नट

जालना ते राजूर हे अंतर 25 किलोमीटरच्या आसपास. अंगारकीला माणसं ते रात्रीतून पायी तोडतात. दाजी आणि त्यांचा मेहुणा मोटारसायकलवर निघाले, म्हणून त्यांना संध्याकाळ झाली.

गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी राजूर हे पूर्ण पीठ मानतात आणि अर्ध्याचा मान चिंचवडला, ही माहिती मेहुण्यानं शहर सुटायच्या आत दोनदा सांगितली. दाजींचं लक्ष नव्हतं. हॅन्डल सरळ आलं की मधोमध ‘टक्’ करून बसत होतं. वळणावर गाडी आधी हट्ट करायची आणि मग एकदम ऐकायची.

“दाजी, हॅन्डल धरायलंय.”

“धरत नाही रे. सरळमार्गी आहे गाडी.”

अशा गाडीला समृद्धी महामार्गच शोभला असता. 701 किलोमीटरचा तो रस्ता जालन्याच्या अंगावरूनच जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. तेव्हा साधा रस्ता, त्यावरचे खड्डे आणि समोरून आलेला मोसंबीचा पिकअप. पिकअपवाल्यानं दाजींच्या खानदानाची चौकशी केली आणि गाडी रस्त्याकडेच्या एका लिंबाखाली, नेमकी गॅरेजसमोर थांबली.

मिस्त्रीनं पुढचं चाक उचलून हॅन्डल दोनदा फिरवलं. “कोनसेट गेला.”

कोनसेट म्हणजे स्टीअरिंगचा दांडा ज्यांत फिरतो त्या वाट्या आणि त्यांतल्या पोलादी गोळ्या. खड्ड्याचा दणका बहुधा चाक सरळ असतानाच बसतो. गोळ्या त्याच त्याच जागी ठोकल्या जातात, वाटीत खळगे पडतात आणि मग हॅन्डलला मधली जागा सोडवत नाही. योहान ब्रिनेल या स्वीडिश इंजिनिअरनं 1900 साली पोलादाचा कठीणपणा मोजायची रीत मांडली: कडक गोळी धातूवर दाबायची आणि उमटलेला खळगा मोजायचा. बेअरिंगमधल्या अशा खळग्यांना इंग्रजीत त्याचंच नाव पडलं. ब्रिनेलला त्यासाठी यंत्र लागलं. आपले रस्ते तोच प्रयोग फुकटात करतात.

वरचा चकचकीत नट मुकाट्यानं निघाला. हॅन्डल आणि वरची पाटी बाजूला झाल्यावर खरा मानकरी दिसला: खाचांचा गोल नट, गंजानं दांड्याशी एकजीव झालेला. त्याला हुकाचा पान्हा लागतो. पण मागच्या कुणी कारागिरानं तिथे छन्नी-हातोडी चालवून खाचांचा चिवडा केला होता. पान्हा लावला की घसरायचा.

“पाणी कुठून गेलं एवढं?” मिस्त्रीनं विचारलं.

दाजी गप्प. दरवर्षी दसऱ्याला झेंडूच्या माळेआधी ते गाडी प्रेशरच्या फवाऱ्यानं धुवून घेत, तोही हॅन्डलखाली खास जोर लावून. भक्तीपायी ग्रीस वाहून गेलं होतं.

एव्हाना दहाबारा तज्ज्ञ जमले होते. एकाचं ठाम मत, आटे उलटे असणार. त्याच्याकडे आरएक्स हंड्रेड होती आणि तिच्या उजव्या आरशाचे आटे खरोखरच उलटे असतात. तेवढ्या भांडवलावर तो सगळ्या मोटारसायकलींवर निकाल देत होता. त्याच्या सल्ल्यानं मिस्त्रीच्या पोऱ्यानं नट उलट बाजूला दाबून आणखी पाव सूत घट्ट केला. मिस्त्री त्याला जे बोलला ते अंगारकीच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही.

मग डिझेल सोडून दोन चहा होईपर्यंत वाट पाहिली. मग गॅस. त्याआधी मिस्त्रीनं पेट्रोलची टाकी काढून लांब नेऊन ठेवली आणि बिड्यांसह तज्ज्ञांनाही तिकडेच धाडलं नाही, हे नशीब. तापवलं की नट फुगतो, गंजाची पकड सुटते. हा नट नुसता लाल झाला.

जालन्याच्या भट्ट्यांत भंगार सोळाशे अंशांच्या आसपास वितळवून सळया काढतात. ट्रकच्या ट्रक लोखंड तिथे पाण्यासारखं वाहतं. त्या शहरापासून हाकेच्या अंतरावर एक नट पाच माणसांना ऐकत नव्हता.

“कापावा लागतो,” मिस्त्री म्हणाला आणि ग्राइंडर न घेता हॅक्सॉचं पातं घेतलं. इथे त्याची कारागिरी दिसली. नटाच्या दोन्ही अंगांनी तो कापत आला आणि दांड्याच्या आट्यांपर्यंत एवढंसं लोखंड उरलं असताना थांबला. आट्याला पातं लागलं की दांडाही गेला. चिरेत छन्नी धरून एक टोला. ‘कट्’ आवाज आला आणि नटाची दोन शकलं खाली पडली. मेहुण्यानं “मोरया!” केलं.

दांड्याचे आटे तिकोनी कानशीनं साफ झाले. मेहुणा कुणाचीतरी गाडी मागून जालन्याहून नवा कोनसेट घेऊन आला. पोऱ्यानं ग्रीसमध्ये गोळ्या मोजून बसवल्या. एक कमी भरली, ती दाजींच्या चपलेखाली सापडली. नवा नट मिस्त्रीनं आवळला, थोडा सैल सोडला, आणि चाक उचलून पाहिलं: हॅन्डल आपल्याच वजनानं दोन्हीकडे पडायला हवं, पण पुढेमागे खटखटायला नको. पडलं. खटखटलं नाही.

पैसे मोजले आहेत म्हणून दाजींनी जुन्या नटाचं एक शकल मागून घेऊन खिशात टाकलं. पुढची वाट वेड्यावाकड्या नागमोडीत गेली. गाडी आता सांगेल तशी वळत होती, सवय दाजींची सुटायची होती.

राजुरात आरतीचं तबक समोर आलं. दाजींनी डोळे मिटून खिशातलं नाणं टाकलं. ‘खण्ण’ आवाज जरा जडच झाला. पुजाऱ्यानं तबकाकडे पाहिलं, मग दाजींकडे.

मेहुणा कानाशी वाकला, “दाजी, अर्धं चिंचवडला वाहावं लागतं.”